इंटरव्हलपर्यंत ठीक

सिनेमावर मत द्यायला सिनेमा पाहावा लागतो, ही अट आपल्याकडे कधीच नव्हती. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने सिनेमाची चौकशी करायला समिती नेमली. समितीने नामवंतांना प्रश्नावल्या धाडल्या. गांधीजींनी कळवलं की मी सिनेमाला कधी गेलेलो नाही, पण त्यापासून होणारं नुकसान बाहेरच्या माणसालाही दिसतं.

1936 मध्ये ते आमच्या सेवाग्रामला राहायला आले. 1939 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी खुलं पत्र लिहून त्यांना विनवलं, जरा फेरविचार करा. फेरविचाराला पाच वर्षं लागली. 1944 मध्ये जुहूला विश्रांतीसाठी असताना त्यांना विजय भट्टांचा ‘रामराज्य’ दाखवण्यात आला. त्यानंतर ते पुन्हा कुठल्या हिंदी सिनेमाला गेल्याचं ऐकिवात नाही.

याहून थोडक्यात परीक्षण अजून कुणाला जमलेलं नाही.

तरी बापूंनी ‘पाहिलेलं नाही’ हे लिहून तरी दिलं. आजचा परीक्षक तेवढंही करत नाही. शुक्रवारचा पहिला खेळ सुटायच्या आत त्याचे साडेतीन तारे वाटून झालेले असतात. चौथा तारा निर्मात्याशी बोलणं झाल्यावर.

आणि विरोधक? त्यांना तर ट्रेलरही जड जातो. ते नावावर भागवतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये मृण्मयी देशपांडे यांचा ‘मनाचे श्लोक’ आला. समर्थांच्या रचनेचं नाव प्रेमकथेला का, म्हणून गदारोळ झाला. पुण्यात खेळ बंद पाडले गेले. सहा दिवसांत तोच सिनेमा ‘तू बोल ना’ या नावाने परत आला. माणसं तीच, गोष्ट तीच, संवाद तेच. भावना मात्र शांत झाल्या. म्हणजे एवढ्या नाजूक भावनांचा इलाज पाटी रंगवणाऱ्याकडे होता.

असो. आता माझी मतं. स्वतः पाहून आणि पैसे मोजून दिलेली आहेत, म्हणून जराशी कडू.

‘छावा’ 14 फेब्रुवारी 2025 ला आला. विकी कौशलने जीव ओतला, नाही कोण म्हणतो? पण दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना प्रेक्षकाच्या कानाबद्दल काही राग आहे काय? संभाजी महाराज संस्कृत जाणणारे, ग्रंथ लिहिणारे. सिनेमात ते बोलतात कमी, गरजतात जास्त. ‘बुधभूषण’ लिहिणाऱ्या राजाला शांतपणे विचार करायला दोन मिनिटं मिळाली असती तर बजेट कोसळलं नसतं.

ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले. आक्षेप आला. प्रसंग कापला. लेझीम गेली, ढोल राहिले.

मग सिनेमाच्या सुरुवातीला बुऱ्हाणपूरची लूट दिसली. मार्चमध्ये खऱ्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या पायथ्याला, गावकरी रात्री टॉर्च आणि धातुशोधक यंत्रं घेऊन शेतं खणायला लागले. मुघलांचं सोनं सापडणार म्हणून! पोलीस पोहोचेपर्यंत शिवारात खड्डेच खड्डे. शिवाजी सावंतांची कादंबरी कितीतरी वर्षं घराघरात होती. ती वाचून कुणी कुदळ उचलल्याचं आठवत नाही.

तिथे हसता तरी आलं. 17 मार्चला नागपुरात, आमच्या वर्ध्यापासून तासा-दीड तासावर, औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली, आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या तोंडून सिनेमाचं नाव निघालं. दोष देत नाही, असं म्हणत म्हणत निघालं. औरंगजेब मेला 1707 मध्ये. संचारबंदी लागली 2025 मध्ये.

वर्षाची खरी गंमत पुढेच आहे. ज्या औरंगजेबावर महाराष्ट्र खवळला, तो साकारणाऱ्या अक्षय खन्नाने सगळ्यांत जास्त वाहवा मिळवली. डिसेंबरमध्ये तोच ‘धुरंधर’मध्ये कराचीचा रहमान डकैत होऊन आला आणि गाडीतून उतरून चार पावलं नाचला. देशभरच्या लग्नांच्या वरातीत तीच चार पावलं पडली. शत्रू आम्हाला मान्य नाही. त्याची एन्ट्री मान्य आहे.

‘धुरंधर’ साडेतीन तासांचा. एवढ्या वेळात वर्ध्याहून नागपूरला जाऊन, हल्दीरामकडे खाऊन परत येता येतं. रणवीर सिंग गप्प बसला की चांगला अभिनय करतो, हा शोध मात्र या सिनेमाने लावला. शेवटी काय? बाकीचं पुढच्या मार्चमध्ये. साडेतीन तास बसवून घेतलेल्या माणसाला तारीख देतात. आम्हाला हे फक्त कोर्टात माहीत होतं.

शेजारच्या काकांना विचारलं, “कसा वाटला पिक्चर?” म्हणाले, “इंटरव्हललोक ठीक हाये. मंग झोपच लागली मले.” मारधाडीच्या दणदणाटात झोप लागणं ही झोपेला मिळालेली पावती समजावी.

‘सैयारा’. 18 जुलै. मोहित सुरीचा. पोरं ढसाढसा रडली, कुणी शर्ट काढून रडलं, एक तर सलाइन लावून थिएटरात बसल्याचा व्हिडिओ फिरला. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे सलाइनचं काय कौतुक! आमच्याकडे सलाइन लावलेला माणूस जनरल वॉर्डात खाट शोधतो, डी रांगेतली सीट शोधत नाही.

नायिकेला ऐन विशीत विसरण्याचा आजार होतो. प्रेक्षकाला मात्र 2004 चा एक कोरियन सिनेमा आठवत राहतो. तरी गाणी चांगली आहेत. आजच्या काळात एवढंही कमी नाही, तेव्हा अर्धं तिकीट वसूल.

त्याच 18 जुलैला ‘ये रे ये रे पैसा 3’ लागला होता. लागला आणि लगेच उतरू लागला. मराठी सिनेमाचे खेळ काढून ‘सैयारा’ला दिले म्हणून ओरड झाली, पक्ष रस्त्यावर उतरायच्या गोष्टी करू लागले. चुकीचं झालं, मान्य. पण एक विचारू? तिसऱ्या भागासाठी रस्त्यावर उतरायचं, तर पहिले दोन पाहिलेल्यांना आधी विचारलं होतं का?

या दुखण्यावर सरकारी औषध आहेच. 2015 मध्ये फर्मान निघालं, मल्टिप्लेक्सने मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवलाच पाहिजे. संध्याकाळी सहा ते नऊ. मल्टिप्लेक्सवाले गडबडले. मग चर्चा झाली, समन्वय झाला, आणि प्राइम टाइम ठरला दुपारी बारा ते रात्री नऊ.

दुपारी बारा! वर्ध्यात मे महिन्यात दुपारी बाराला माणूस कामासाठी बाहेर पडतो, नाहीतर उन्हाने पडतो.

मराठी निर्मातेही कमी नाहीत. वर्षात 52 शुक्रवार. त्यांनी 12 सप्टेंबर निवडला. तिघांनी मिळून. ‘दशावतार’, ‘आरपार’, ‘बिन लग्नाची गोष्ट’, एकाच दिवशी. पडदे मिळत नाहीत म्हणून रडायचं आणि मिळालेल्या पडद्यावर एकमेकांचे पाय ओढायचे. बाहेरच्या शत्रूची गरज काय?

तिघांत ‘दशावतार’ तरला, आणि तरायलाच हवा होता. दिलीप प्रभावळकर तेव्हा 81 वर्षांचे. जंगलात धावतात, पाण्यात उतरतात, एकामागून एक सोंगं घेतात. सोबतची तरुण मंडळी त्यांच्याकडे बघत उभी राहतात, आणि त्यांचं काम तेवढंच आहे. पहिला अर्धा भाग कोकणचा, दुसरा अर्धा हिशेब चुकता करण्याचा. खाणीचा प्रश्न दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी नीट उचलला आणि मग सूडाच्या हवाली केला. खाणमालक सिनेमात मरतो. बाहेर त्याला मुदतवाढ मिळते.

कोकणाला दशावतार मिळाला. कोल्हापूरला तमाशा केव्हाच मिळाला. आमच्या पूर्वेला वडशात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, पहाटे प्रेक्षक तिथूनच शेतावर जातो. त्यावर मोठा सिनेमा कधी? आमच्या बोलीला मराठी पडद्यावर जागा एकच, नायकाच्या मित्राची. दोन विनोद करायचे आणि इंटरव्हलनंतर गायब व्हायचं.

‘साबर बोंडं’. जानेवारी 2025 मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मराठी सिनेमा पहिल्यांदाच तिथे पोहोचला आणि पहिल्यांदाच जिंकून आला. रोहन कानवडेंचा सिनेमा. वडील वारलेत, मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलाय, नातेवाईक लग्नाचं विचारतायत, आणि त्याचं प्रेम बालमित्रावर आहे. आवाज नाही, पार्श्वसंगीत नाही, भाषण नाही. वर्षातला सगळ्यांत चांगला मराठी सिनेमा, माझ्यापुरता वाद मिटला.

सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. दुखावायला कुणीतरी पाहावा लागतो ना!

समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. 701 किलोमीटर. आमच्या जिल्ह्यातूनच जातो. वर्ध्याचा माणूस आता सकाळी निघून दिवेलागणीच्या आत मुंबईत असतो. मुंबईचा मराठी सिनेमा अजून त्या रस्त्याने निघालेला नाही. टोल परवडत नसावा.

‘झापुक झुपूक’. एप्रिल. रीलवर लाखोंनी पाहिला गेलेला सूरज चव्हाण, बिग बॉसचा विजेता, वर ‘बाईपण भारी देवा’वाले केदार शिंदे. पडला. फुकट पाहणारा आणि तिकीट काढणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, हे शिकायला एक अख्खा सिनेमा खर्ची पडला. सूरजचा त्यात काही दोष नाही. हिशेब ज्यांनी केला, त्यांनी लाइक मोजले आणि खुर्च्या मोजल्या नाहीत.

त्याच दिवशी ‘फुले’ आला. खरं तर येणार होता 11 एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला. आक्षेप निघाले, सेन्सॉरने बदल सुचवले, पंधरवडा गेला. 1848 मध्ये मुलींची शाळा काढताना जो त्रास झाला, तो दाखवताना 2025 मध्ये त्रास झाला. सिनेमा तसा सरळसोट, पाठ्यपुस्तकी. पण विरोधकांनी स्वतःहून येऊन त्याला वास्तववादी केलं.

‘आता थांबायचं नाय’ पाहिला नसेल तर पाहा. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी देतात. गोष्ट खरी. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना विनोदाची बटणं न दाबता काम करताना पाहणं हाच एक सुखद धक्का. दिग्दर्शक शिवराज वायचळ यांना रडवण्याचा मोह पाच ठिकाणी झाला असणार. त्यांनी तीन ठिकाणी आवरला. उरलेल्या दोन ठिकाणी मी रुमाल काढला, हे कुणाला सांगू नका.

आणि 2026 च्या पहिल्याच दिवशी, हेमंत ढोमेंचा ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’. मराठी शाळा बंद पडतेय, जुने विद्यार्थी धावून येतात. थिएटरात हुंदके. मध्यंतरात बाहेर आलेल्या एका डोळे पुसणाऱ्या बापाने मुलाला हाक मारली, “बेटा, कम फास्ट, पॉपकॉर्न संपेल.”

वर्धेकराने तर इथे जरा जास्तच लाजावं. ऑक्टोबर 1937 मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताला काम देऊन, हे ठराव इथे झाले. पुढे झाकीर हुसेन समितीने त्याची योजना आखली. देश तिला ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखतो. आज देश कशाला, वर्ध्यातल्या पालकाला विचारा. तो म्हणेल, छान आहे योजना, प्रवेशाची लॉटरी कधी निघते?

जी गोष्ट आपण 1937 मध्ये ठरवली, तिच्यासाठी 2026 मध्ये तिकीट काढून रडायचं. निदान तिकिटावर सवलत तरी द्या.

पडद्यावर आल्याशिवाय काहीच खरं नसतं, हा या काळाचा नियम आहे. मे 2024 मध्ये देशाच्या पंतप्रधानांनीच एका मुलाखतीत सांगितलं, की 1982 चा ‘गांधी’ सिनेमा येईपर्यंत जगात गांधींना कोणी ओळखत नव्हतं. सेवाग्रामच्या आश्रमात एक टेलिफोन जपून ठेवलाय. तातडीने बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगोने बसवून घेतलेला. आता प्रश्न पडतो, ॲटनबरोंच्या सिनेमाआधी चार दशकं तो व्हाइसरॉय फोन लावत कुणाला होता?

सिनेमात झळकणाऱ्या पाट्यांचंही एकदा परीक्षण व्हावं. नायक ग्लास उचलतो, खाली ओळ येते, मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. आमच्यापुरती ती ओळ बदला. ‘हे दृश्य काल्पनिक असून याचा स्थानिक परिस्थितीशी संबंध नाही.’ टॉकीजमध्ये त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा हशा तिथेच येईल.

आता शेतकरी. सिनेमावाल्यांचा लाडका विषय, वर्ध्याचा रोजचा.

‘जवान’मध्ये शाहरुख खान मेट्रो पळवतो, एका उद्योगपतीकडून 40,000 कोटी काढतो आणि शेतकऱ्यांच्या खात्यात टाकतो. काही मिनिटांत. टाळ्या, शिट्ट्या. कर्जमाफी एवढी सोपी आहे हे आम्हाला उगाच इतकी वर्षं कळलं नाही. अडचण एकच, वर्ध्याला मेट्रो नाही. एसटी पळवली तर चालेल का? डेपोपर्यंत ढकलायला आम्ही येऊ.

त्याच्या खूप आधी, 2009 मध्ये, सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ केला. विदर्भ, कापूस, कर्ज. गावात आत्महत्या झाली म्हणून बायको धास्तावते आणि आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते. त्याला एकटं सोडत नाही, गोडधोड करून घालते. आणि नवऱ्याच्या डोक्यात फक्त पाऊस. कुणी कुणाला भाषण देत नाही. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. या विषयावर त्याच्या जवळ जाणारा दुसरा मराठी सिनेमा मी पाहिलेला नाही. मेट्रो वगैरे काही नाही त्यात. म्हणून चालला नसावा.

आणि आमच्या गावची गोष्ट. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं, वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक. त्यात काम कुणी केलं? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांनी. स्वतःची गोष्ट स्वतः उभ्या राहून सांगितली. त्यांच्यातल्याच वैशाली येडे यांनी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं होतं, त्यांच्या जागी या उभ्या राहिल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकवून गेल्या. 2024 मध्ये इथाप्यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘तेरव’ सिनेमाही आला.

पाहिलात?

नाही ना. ‘जवान’ दोनदा पाहिलात.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल रोजचं दुखणं पैसे देऊन कोण पाहील? बरोबर. पण मग शाहरुखने दाखवलेलं आपलं दुखणं आपण पैसे देऊन पाहतो, त्याला काय म्हणायचं? त्याच्या केसांची ठेवण चांगली होती, एवढाच फरक.

पैशाचं निघालंच आहे तर बोलून घेऊ. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे किलोला 81. तोही मिळाला तर, ओलावा भरला नाही तर, नोंदणीचं ॲप चाललं तर. नागपूरच्या मल्टिप्लेक्समधली पॉपकॉर्नची मोठी बादली म्हणजे किती किलो कापूस, हिंगणघाटच्या बाजारात उभं राहून हिशेब करा. दोन्ही पांढरं, दोन्ही हलकं. भाव मात्र फुगलेल्यालाच.

सरकारने आपल्या परीने दिलासा दिला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. शंभराच्या वर 18 टक्के कायम. शंभराच्या आतलं तिकीट दाखवा आणि बक्षीस मिळवा.

मग माणूस काय करतो? घरी बसतो. दोन महिन्यांनी मोबाइलवर येईल, म्हणतो. येतोही. तेव्हा तो दीडपट वेगाने पळवत पाहतो, मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि रात्री ग्रुपवर लिहितो, मराठी सिनेमात आता पूर्वीसारखं राहिलं नाही. खाली अकरा जण अंगठा दाखवतात. त्यांतल्या नऊ जणांनी तेवढंही पाहिलेलं नसतं.

टॉकीजच्या मालकाला शिव्या घालणं सोपं आहे. त्याचं गणित सरळ असतं. शुक्रवार, शनिवार, रविवार गल्ला पाहायचा. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी पिक्चर उतरवायचा. त्याला मराठीचं वावडं नाही आणि हिंदीचं प्रेमही नाही. त्याला विजेचं बिल आहे.

तेव्हा सरकारी फर्मानं, पक्षांचे इशारे आणि परीक्षकांचे तारे बाजूला ठेवा. पुढच्या शुक्रवारी गावात मराठी पिक्चर लागला आणि बघायचा असेल, तर रविवार संध्याकाळपर्यंत बघून घ्या. वाईट निघाला तर खुशाल शिव्या द्या, मीही देईन. लागलाच नसेल, तर तिकीट खिडकीवर जाऊन एकदा विचारा, ‘भाऊ, तो मराठी कधी लावता?’ दहा जणांनी विचारलं की तो वितरकाला फोन करतो. कुणीच विचारलं नाही, तर पुढच्या शुक्रवारीही तिथे ‘धुरंधर’च असेल, नाहीतर त्याचा दुसरा भाग.